तुमचे प्रश्न: दोनशे चित्रं बघितली, एकही आठवत नाही

प्रश्न: ताई, मला प्रदर्शनं बघायला आवडतात पण दोन तासात दोनशे चित्रं बघून बाहेर पडलं की डोक्यात नुसता गोंधळ, एकही धड आठवत नाही. बाकीचे लोक सगळं समजल्यासारखे उभे असतात. आधी वाचून जायला हवं का? आणि नवरा म्हणतो हीच चित्रं मोबाईलवर झूम करून जास्त चांगली दिसतात, मग जायचं कशाला?

उत्तर: नवऱ्याच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो खरंच चांगला प्रश्न आहे. स्पॅनिश चित्रकार दालीचं ते वितळलेल्या घड्याळांचं चित्र मी लहानपणापासून छापील बघत आले होते आणि मनात पक्कं होतं की ते भिंतभर असणार. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये समोर गेले तर वहीच्या पानाहून जरासं मोठं, 24 बाय 33 सेंटीमीटर! वाकून, अगदी जवळ जाऊन बघावं लागतं, एखादं गुपित बघावं तसं. याउलट पिकासोचं गेर्निका हे युद्धाच्या भीषणतेवरचं चित्र जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद, त्यातला किंचाळणारा घोडा तुमच्या डोक्याच्या वर असतो, मान वर करून बघताना आपण लहान होतो आणि ते लहान होणं हा त्या चित्राचाच भाग आहे. मोबाईलवर ही दोन्ही चित्रं तळहाताएवढीच. झूम करून बारकावे दिसतील हो, पण आपलं शरीर त्या चित्रासमोर केवढं आहे हे कुठून कळणार?

आता दोनशे चित्रांचं. नका बघू दोनशे. मी काय करते, पहिली चक्कर भरभर मारते, पाट्या अजिबात वाचत नाही, आणि जिथे पाय आपोआप अडतात तेवढं एक चित्र लक्षात ठेवते, मग परत त्याच्याकडे जाऊन दहा मिनिटं थांबते. पहिली दोन-तीन मिनिटं अवघडल्यासारखं होतं, ते होऊ द्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराच्या लेस विणणाऱ्या मुलीसमोर माझं असंच झालं होतं, चित्र जेमतेम 24 बाय 21 सेंटीमीटर, मुलगी खाली मान घालून विणतेय, बस. मग हळूहळू दिसलं की तिच्या बोटांतला दोरा केसासारखा बारीक आणि स्पष्ट आहे, पण आपल्या बाजूला उशीतून बाहेर आलेले लाल दोरे मात्र नुसते रंग सांडल्यासारखे, धूसर. म्हणजे तिची नजर जिथे खिळलीय तिथेच आपलीही स्पष्ट होते, बाकी सगळं विरघळतं! हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणूनच अजून आठवतं.

वाचायचं जरूर, पण नंतर. मोने या फ्रेंच चित्रकाराची पाण्यातल्या कमळांची मोठी चित्रं आवडली की मग वाचा, की ती रंगवत असतानाच त्याला मोतीबिंदू होता आणि 1923 मध्ये ऑपरेशन झालं. आधी वाचलंत तर चित्रात फक्त मोतीबिंदूच शोधत बसाल. आणि एखादं गाजलेलं चित्र नाही आवडलं तर नाही आवडलं, पुढे चला. त्या समजल्यासारखे उभे राहणाऱ्यांचं मनावर घेऊ नका, त्यातले अर्धे तरी तुमच्यासारखेच बुजलेले असतात असं मला वाटतं.

प्रश्न: जलरंगांच्या प्रदर्शनात इतका अंधार का ठेवतात? डोळे ताणून बघावं लागतं.

उत्तर: उजेडाने रंग उडतात म्हणून, आणि उडालेला रंग परत येत नाही. कागदावरच्या कामांना साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवायची पद्धत आहे, ऑफिसात त्याच्या कितीतरी पट असतो. आत गेल्यावर पाच मिनिटं नुसतं थांबा, डोळे सरावले की बरंच दिसायला लागतं. हेन्री वॉन नावाच्या संग्राहकाने टर्नर या इंग्रज चित्रकाराची 38 जलरंगचित्रं मृत्युपत्राने स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीला दिली (1900 साली ती तिथे आली), ती एका अटीवर, की वर्षातून फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तेव्हा सूर्यप्रकाश सगळ्यात कमी असतो. म्हणून ते रंग आजही ताजे आहेत, आणि जानेवारीत लोक मुद्दाम थंडीत तिथे जातात.