जाजरकोटला काय पाठवावं?

प्रश्न : ३ नोव्हेंबर २०२३ च्या भूकंपानंतर नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीनं नेपाळच्या जाजरकोटसाठी जुने कपडे आणि घरोघरी उरलेली औषधं असे सात खोके भरलेत. आमच्या वॉचमनदादांचं गाव तिकडचंच. कसे पाठवावेत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, औषधं पाठवू नका, कळकळीनं सांगते. १९९३ मध्ये मी परिचारिका म्हणून किल्लारीला होते. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तंबूत आम्ही दोघी कंदिलापाशी गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या निवडत बसायचो. मुदतीची तारीख असलेला कोपराच कापलेला! बाहेर जखमांना टाके घालून घ्यायला रांग लागलेली. दान केलेलं औषध पोचल्यावर किमान वर्षभर टिकावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पैसे जमवा, आणि ते गावच्या दवाखान्यासाठी द्या. २०१५ च्या भूकंपात नेपाळमधली चारशेहून जास्त सरकारी आरोग्य केंद्रं जमीनदोस्त झाली होती. जखमा भरतात, पण केंद्र नसेल तर बाळंतपण कुठे करायचं? लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वीज नसलेल्या डोंगरात त्यासाठी सोलर फ्रीज हवा. तिथे आपल्या आशाताईंसारख्या महिला स्वयंसेविका १९८८ पासून आहेत. काय कमी पडतंय, हे वॉचमनदादांकरवी त्यांनाच फोनवर विचारा.

कपड्यांतले स्वेटर तेवढे धुऊन वेगळे काढा. तिकडे थंडी सुरू झालीय.