ब्रांचचा डेटा डीएफएसने सेंट्रल सर्व्हरवर गेला की बॅकअपचं काम झालं का?

नाही झालं, अर्धंच झालं. (डीएफएस म्हणजे एका सर्व्हरवरचा फोल्डर दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप जसाच्या तसा ठेवणारी विंडोजची सोय, त्यालाच रेप्लिकेशन म्हणतात.) तुमच्या पाच ब्रांच, प्रत्येकीत विंडोज फाइल सर्व्हर, साधारण २०० जीबी डेटा, १० एमबीपीएसची लाइन, आणि ब्रांचमधली टेपवर बॅकअप घ्यायची कटकट बंद करून सगळं हेड ऑफिसला आणायचंय. आणा की, मीपण तेच केलंय, डीएफएस रेप्लिकेशन त्याला चांगलं आहे, बदललेला भागच पाठवतं त्यामुळे बारीक लाइनवरही चालतं.

पण आमच्या एका ब्रांचमध्ये कोणीतरी सकाळी सकाळी अख्खा फोल्डर उडवला, मला फोन आला तेव्हा मी ऐटीत सांगितलं काही काळजी करू नका इकडे कॉपी आहे, आणि उघडून बघतो तर इकडूनही गायब! रेप्लिकेशनने आपलं काम चोख केलं होतं, तिकडे डिलीट तर इकडेही डिलीट. थोड्या फाइल्स कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेड फोल्डरमधून (डीएफएस उडवलेल्या फाइल्स काही काळ ठेवतं तो) निघाल्या, बाकीच्या त्याचा जागेचा कोटा भरला म्हणून कधीच पुसल्या गेलेल्या. रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तरी हेच होणार, लॉक झालेल्या फाइल्स निमूटपणे सेंट्रलला येऊन बसणार. म्हणून सेंट्रल सर्व्हरचा रोज रात्री वेगळा बॅकअप घ्या, जुन्या तारखांसकट, आणि त्याची एक कॉपी नेटवर्कपासून तोडलेली ठेवा. सेंट्रलचा फोल्डर रीड-ओन्ली करून टाका म्हणजे तिथे कोणी चुकून हात लावला तरी तो बदल ब्रांचला जाणार नाही (ही सोय विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून आहे).

पहिली कॉपी लाइनवरून नका पाठवू. २०० जीबीला १० एमबीपीएसवर पूर्ण लाइन मिळाली तरी ४४ तास लागतात, आणि पूर्ण लाइन कधी मिळते? डिस्कवर रोबोकॉपीने (विंडोजची कॉपी करायची कमांड) घ्या, डिस्क हेड ऑफिसला न्या, मग रेप्लिकेशन चालू करा. फक्त परमिशन्ससकट कॉपी करा, नाहीतर हॅश (दोन्हीकडच्या फाइल्स सारख्याच आहेत का ते बघायची खूण) जुळत नाही आणि सगळी मेहनत वाया. स्टेजिंग (पाठवायच्या फाइल्स तात्पुरत्या ठेवायची जागा) डीफॉल्टला ४ जीबी असतं, ते निदान तुमच्या सगळ्यात मोठ्या ३२ फाइल्सच्या बेरजेइतकं तरी करा.

आता ज्यात मी स्वतः फसलोय ते. उघड्या असलेल्या फाइल्स डीएफएस नेत नाही, म्हणजे दिवसभर चालू असलेला अकाउंट्सचा डेटाबेस किंवा आउटलुकच्या पीएसटी (मेल साठवलेल्या फाइल्स) उघड्या असेपर्यंत जातच नाहीत. मग मी हुशारी केली, एसक्यूएल डेटाबेसचा रात्री डंप (बॅकअप फाइल) घेऊन त्याच फोल्डरमध्ये टाकला. कित्येक दिवस सगळं हिरवं, एकही एरर नाही, आणि सेंट्रलला बघतो तर एकही डंप आलेला नाही. कारण काय तर डीएफएसच्या डीफॉल्ट फिल्टरमध्ये (कुठल्या फाइल्स पाठवायच्या नाहीत ती यादी) टीएमपीसोबत बीएके एक्स्टेंशनपण वगळलेलं असतं, आणि एसक्यूएलचे डंप नेमके बीएकेच! फिल्टर बदला किंवा डंपचं एक्स्टेंशन बदला.

आणि दर महिन्याला प्रत्येक ब्रांचची एखादी फाइल सेंट्रलच्या बॅकअपमधून खरोखर रिस्टोर करून उघडून बघा, नुसत्या लॉगवर जाऊ नका. लाइन दिवसा बाकी कामालाही लागते का तेवढं सांगा, मग शेड्यूल कसं लावायचं ते बघू.