जंगल गावाच्या ताब्यात दिलं तर गाव ते विकून खाईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पर्यावरणाचे आपले कायदे बंदी आणि दंडावर चालतात, त्यातून फारसं काही वाचताना दिसत नाही. मग बाजारभाव आणि स्थानिक लोकांचा निर्णय यांवर धोरण उभं करता येईल का? की पैसा दिसला की गाव जंगल विकून मोकळं होईल?

मी पर्यावरणतज्ज्ञ नाही, हिशेबनीस आहे. गडचिरोली जिल्ह्यात काही हंगाम ग्रामसभांच्या बांबूच्या आणि तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, वह्या लिहिल्या, तेवढ्याच अधिकारावर बोलतो. गाव जंगल विकून खात नाही, पण त्याला अट आहे: विकायचा हक्क आणि राखायची जबाबदारी एकाच हातात हवी. आपल्याकडे वर्षानुवर्षं हक्क एकाकडे, राखण दुसऱ्याकडे आणि मजुरी तिसऱ्याकडे होती.

बांबूचंच बघा. एका बेटात, म्हणजे बांबूच्या पुंजक्यात, या वर्षीचे कोंब असतात, गेल्या वर्षीचे कोवळे बांबू असतात आणि जुने पिकलेले असतात. पिकलेले काढायचे, बाकीचे ठेवायचे, हे तिथल्या पोरालाही कळतं. पण पिकलेले बहुतेक बेटाच्या मधोमध, काट्याकुट्यात सापडतात. बंडलामागे मजुरी ठरलेली असली की माणूस बाहेरचे, हाताला येणारे बांबू आधी तोडतो. कोवळा असला तरी तोडतो, आणि खालून वाकून तोडण्याऐवजी कमरेच्या उंचीवर तोडतो. ठेकेदाराच्या हाताखाली असं तोडणारीच माणसं पुढे ग्रामसभेच्या कटाईत मी पाहिली. कुऱ्हाड तीच, पण आता बेटात शिरून तोडत होती. एकाला मी विचारलं, तर म्हणाला, ‘भाऊ, तीन वर्षांनी इथंच यायचं आहे नं.’ वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, खायलाही किती काढायचे यावर त्या सभेत अर्धा तास वाद झाला होता.

आता तुमच्या प्रश्नातला ‘स्थानिक निर्णय’. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांची. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पेढे वाटून झाले, पण बांबू विकायला काढला तर गाडी रस्त्यावर आणता येईना. वाहतूक परवाना, म्हणजे ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो वनखात्याकडे आणि खातं देईना. कारण काय? 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ होतं आणि नव्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे गावाने गोळा करून विकायचा माल. एकाच बांबूची दोन कायद्यांत दोन नावं! शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे 2012 मध्ये नियमच बदलले आणि परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं.

माझ्या लेखी खरा बदल हक्काच्या कागदाने झाला नाही, त्या पुस्तकाने झाला. माल रस्त्यावर आणता येत नसेल तर तुमच्याशी सौदा करायला कोण येणार? आणि आला तर पडेल भावाने मागणार.

नियम बदलला म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. एकदा आमच्या ग्रामसभेची बांबूची गाडी एका नाक्यावर रात्रभर उभी राहिली. ड्यूटीवरचा माणूस टीपी उलटापालटा करून विचारत होता, ‘यावर साहेबाची सही कुठं आहे?’ अध्यक्षांनी आपल्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘ही काय, माझीच आहे.’ त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. ड्रायव्हरने रात्रीचा भत्ता मागितला, तो मी ‘इतर खर्च’ या सदरात टाकला.

बाजाराचं कौतुक मात्र जपून करा. तेंदूपत्ता महाराष्ट्रात 1969 च्या कायद्यापासून सरकारी मक्तेदारीत होता. वनहक्क आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांमुळे ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या आणि मजुरीच्या वर जे सुटायचं ते गावाच्या खात्यात येऊ लागलं. पहिल्यांदा आकडा बघून खातं उघडणाऱ्या बँकवाल्याची नजर बदलते, हे मी पाहिलंय. 2017 मध्ये भाव चढला. त्याच जुलैत जीएसटी आला, तेंदूपत्त्यावर 18 टक्के, आणि पुढच्या हंगामात भाव कोसळला. आम्ही बोलणी केलेल्या व्यापाऱ्यांनी कर सरळ आमच्या भावातून वळता केला. एक व्यापारी अर्धे पैसे देऊन जो गेला तो परत फिरकला नाही. त्या वर्षी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, पुडे वाळत पडलेले आणि बाया रोज येऊन विचारायच्या, ‘पैसे कधी येतील जी?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आगाऊ रक्कम आणि अनामत खात्यात जमा झाल्याशिवाय फळी सुरू करायची नाही, हा ठराव दरवर्षी सगळ्यात आधी लिहिला जातो.

म्हणून कुणी नुसतं ‘बाजारावर सोडा’ म्हणालं की मी सावध होतो. झाडाला भाव लावणं आपल्या सरकारनेही केलंय. जंगल खाणीला किंवा धरणाला गेलं की त्याचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे ते जंगल पुढे जे देणार होतं त्याची आजची किंमत, काढतात आणि प्रकल्पवाल्याकडून वसूल करतात. 2016 मध्ये त्या निधीसाठी वेगळा कायदाही झाला. पण तो पैसा जातो सरकारी निधीत, त्यातून रोपं लावतं वनखातं आणि ज्या गावाचं जंगल गेलं त्याला विचारण्याची सोय त्या कायद्यात जवळजवळ नाहीच. किंमत ठरली, पण विक्रेता भलताच!

आणि काही गोष्टी गावाच्या हातात देऊनही भागत नाही. धुराचं काय? धूर शीव बघून थांबत नाही. त्यासाठी मला सुरतचा प्रयोग जास्त पटतो. 2019 पासून तिथे कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या, मुख्यतः कापड गिरण्यांच्या, चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांवर एकूण मर्यादा घातली. चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवली आणि त्या मर्यादेत कारखान्यांना परवाने आपसात विकायची मुभा दिली. ज्याला गाळणी स्वस्तात जमते तो जास्त गाळतो आणि उरलेला परवाना शेजाऱ्याला विकतो. त्या कारखान्यांतून निघणारे धूलिकण 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाल्याचं संशोधकांनी मांडलंय. तिथेही बाजार आहे, पण एकूण किती ओकायचं हे बाजाराने ठरवलेलं नाही आणि चिमणीवर मोजणारं यंत्र नसतं तर ते परवाने म्हणजे रद्दी.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी खोचक विचारलंय की मग वनखातं बंद करायचं का. नाही हो. सागवान चोरणारी टोळी रात्री गाडी घेऊन आली होती, तेव्हा आमच्या ग्रामसभेच्या पोरांनी वाट अडवली आणि त्याच वेळी फोन लावला तो वनरक्षकालाच. तो मोटारसायकलवरून एकटाच आला. पंचनाम्यावर पंच म्हणून दोन सह्या लागत होत्या, त्यांतली एक माझी आहे.