रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतं

मावशी,
माझा मुलगा नऊ वर्षांचा. सहा महिने झाले, आठवड्यातून दोन-तीनदा बेंबीभोवती दुखतं म्हणून रडतो. रक्त, शी, सोनोग्राफी झाली, शेवटी दुर्बिणीने जठरही तपासलं. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही, मास्ट पेशी आणि इओसिनोफिल थोडे जास्त आहेत." सासूबाई म्हणतात, शाळा चुकवायची नाटकं. गेल्या सोमवारी मीही चापट मारून त्याला रिक्षात बसवलं. काय करू? सासूबाई रोज त्याच्या बेंबीभोवती हिंग तेवढा लावतात.
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

अगं पोरी, त्याचं पोट खरंच दुखतंय. हे आधी मनाशी पक्कं कर.

असं दुखणारा तो एकटा नाही. १९५८ साली जॉन अ‍ॅप्ली आणि नोरा नेश या डॉक्टरांनी इंग्लंडात ब्रिस्टलच्या हजार शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा दहांतल्या एकाचं पोट असंच वरचेवर दुखत होतं. बहुतेकांत मोठा आजार सापडला नाही.

डॉक्टरांनी सांगितलेल्या मास्ट आणि इओसिनोफिल या पेशी तुझ्यामाझ्याही पोटात आहेत. त्या शरीराच्या राखणदार. मास्ट पेशी पोटाच्या आतल्या अस्तरात मज्जातंतूंना अगदी खेटून बसतात. पोरगं धास्तावलं की त्या हिस्टामीन नावाचं रसायन सोडू शकतात, मज्जातंतू चिडतात आणि एरवी जाणवलाही नसता एवढासा गॅस कळ होऊन उठतो. सोमवारी नेमकं शाळेच्या वेळी का दुखलं, याचं उत्तर यात असू शकतं. मात्र पेशी जास्त म्हणजे त्यांच्यामुळेच दुखतंय, असंही धरून चालू नकोस. इओसिनोफिल जंतांनी आणि अ‍ॅलर्जीनेही वाढतात, तेवढं डॉक्टरांना विचार. आपल्या मनाने दूध, गहू बंद करू नकोस. तांबड्या रश्श्याने दुखतं असं दोन-तीनदा दिसलं तर तो बाजूला ठेव, नाहीतर त्याच्यावर खापर नको.

शाळा बुडवू नकोस. बाईंना सांगून ठेव, दुखलं तर पंधरा मिनिटं पडू दे, मग वर्गात. आणि "दुखतंय का रे?" हे दिवसभर विचारणं थांबव, त्याचं सगळं लक्ष पोटाकडेच जातं. रात्री पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला शिकव. कशाची धास्ती आहे तेही तेव्हाच निघेल, समोर बसवून विचारलंस तर नाही निघणार.

वजन घटलं, उंची वाढेना, शीतून रक्त आलं, हिरवी उलटी झाली, झोपेतून उठवणारी कळ आली, ताप हटेना किंवा दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर मात्र लगेच दवाखाना गाठ.

चापटीबद्दल त्याची माफी माग. "मला वाटलं तू खोटं बोलतोस, माझं चुकलं," एवढंच म्हण.

राहिल्या सासूबाई. त्याच रोज बेंबीभोवती हिंग लावतात, असं तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस. मग तव्यावर फडकं गरम करून शेकायचं कामही त्यांनाच दे. पोट कसं ताठतं ते त्यांच्या हाताला कळू दे.