वाचकांचे प्रश्न : डलहौसीचे घराणे आणि दत्तकाचा वाद

लॉर्ड डलहौसीच्या घराण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर) : एका पुस्तकात डलहौसीला ‘दहावा अर्ल’ म्हटले आहे, दुसऱ्यात ‘पहिला मार्क्विस’. तिसरे पुस्तक म्हणते, लॉर्ड डलहौसी १८३० साली हिंदुस्थानात सरसेनापती होता. नेमकी माणसे किती?

उत्तर : दोन, बाप आणि मुलगा. सरसेनापती तो बाप, जॉर्ज रॅम्झी, नववा अर्ल. (अर्ल, मार्क्विस, बॅरन या ब्रिटिश उमरावांच्या पदव्या; मार्क्विस अर्लहून वरचा.) सातारा खालसा करणारा तो त्याचा तिसरा मुलगा जेम्स. जन्म २२ एप्रिल १८१२, स्कॉटलंडातील डलहौसी कॅसल. आडनाव रॅम्झी, ‘डलहौसी’ हे पदवीचे नाव. आईच्या माहेरचा कोलस्टनचा जमीनजुमला पुढे त्याच्याकडे आला, म्हणून आडनावाला ‘ब्राउन’ही जोडले गेले.

थोरले दोन्ही भाऊ वडिलांच्या हयातीतच वारले. दुसरा गेला १८३२ साली, आणि तेव्हापासून जेम्सला ‘लॉर्ड रॅम्झी’ म्हणू लागले. हा लॉर्ड केवळ मानाचा. कायद्याने तो उमराव नव्हताच, म्हणून १८३७ साली हॅडिंग्टनशायरमधून तो संसदेच्या खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, निवडून जाऊ शकला. मार्च १८३८ मध्ये वडील वारले, तो दहावा अर्ल झाला, कॉमन्स सुटले आणि त्याची जागा वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, आली. १८४८ साली तो गव्हर्नर जनरल झाला. पंजाब घेतल्यावर १८४९ साली त्याला मार्क्विस केले. ही पदवी त्याच्यापासून सुरू झाली, म्हणून ‘पहिला’. माणूस एकच, पदव्या दोन.

सूची चाळताना नावाआधी साल पाहावे. १८३८ पूर्वीच्या कागदात ‘डलहौसी’ म्हणजे वडील. मुलगा हवा असेल तर ‘रॅम्झी’ शोधा. हे न पाहिल्यामुळे वडिलांची कॅनडातली कारकीर्दही मुलाच्या नावावर चढलेली दिसते. हॅलिफॅक्सचे डलहौसी विद्यापीठ वडिलांनी स्थापलेले; हिमाचलातले डलहौसी गाव मात्र मुलाच्या नावाचे.

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर) : दत्तक नामंजूर करून राज्ये घेणाऱ्या डलहौसीला स्वतःलाच मुलगा नव्हता असे वाचले. मग त्याने दत्तक का घेतला नाही? त्याच्या पदवीचे काय झाले?

उत्तर : मुलगा नव्हता हे खरे. सुसान आणि ईडिथ या दोन मुली होत्या. दत्तकाची सोय मात्र तिकडच्या कायद्यातच नव्हती. इंग्लंडात दत्तकाचा पहिला कायदा १९२६ सालचा, स्कॉटलंडातला १९३० सालचा. आणि आजही दत्तक मुलाला उमरावपदाचा वारसा मिळत नाही.

तिकडे पदवी कोणाकडे जाणार हे पदवी देतानाच ठरते, म्हणून प्रत्येक पदवीचा हिशेब वेगळा करावा लागतो. डलहौसी १९ डिसेंबर १८६० रोजी वारला तेव्हा त्याच्या नावावर मुख्य पदव्या तीन होत्या. मार्क्विसपद त्याच्या स्वतःच्या औरस पुत्रवंशापुरते होते, ते त्याच दिवशी संपले. वडिलांना १८१५ साली मिळालेले बॅरनपद वडिलांच्या पुत्रवंशापुरते. तो वंशही इथेच खुंटला, तेही संपले. अर्लपद १६३३ सालचे आणि सबंध कुळातल्या पुरुष वारसांसाठी होते, म्हणून ते चुलतभावाकडे, फॉक्स मॉलकडे गेले. हा सख्ख्या चुलत्याचा मुलगा. चुलत्याला पॅनम्यूरची जहागीर मिळाली, तिच्यासोबत त्याने ‘मॉल’ हे आडनाव घेतले; आडनाव वेगळे दिसते ते त्यामुळे. हा फॉक्स मॉल १८५५ ते १८५८ ब्रिटनचा युद्धमंत्री होता. १८७४ साली तोही निपुत्रिक वारला आणि अर्लपद पुन्हा दुसऱ्या शाखेत गेले.

आता सातारा. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूच्या तोंडावर त्यांनी दत्तक घेतला होता. १८१९ च्या तहात राज्य ‘वारस आणि उत्तराधिकारी’ यांना दिलेले होते, आणि सगळा वाद या शब्दांत दत्तक बसतो की नाही याचा होता. डलहौसीचे म्हणणे असे : खासगी मालमत्तेला दत्तक चालेल, राज्याला सार्वभौम सत्तेची मंजुरी हवी. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क दत्तकाच्या बाजूने होता. त्याच्यामागून आलेल्या लॉर्ड फॉकलंडने उलट मत दिले.

‘त्याने आपल्या देशाचा नियम इथे लावला’ हे विधान म्हणूनच टिकत नाही. कोणत्या दत्तकाला मंजुरी द्यायची हे ठरवण्याचा अधिकार त्याने कंपनीकडे ठेवला; स्कॉटलंडातल्या त्याच्या कुळाचा वारसा अशा कोणाच्या मर्जीवर नव्हता. ‘त्यालाही वारस मिळाला नाही, फिटंफाट झाली’ असेही पत्रात लिहिले आहे, ते आम्हाला पटत नाही. त्याच्या घराण्याच्या दोन पदव्या गेल्या. वाडा आणि अर्लपद कुळातच राहिले. साताऱ्याचे राज्य गेले.

कोल्हापूर वाचले त्यात १८५७ नंतर बदललेल्या धोरणाचा वाटा फार मोठा आहे. १८६२ पासून संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. कोल्हापूरच्या गादीवर १८६६, १८७१ आणि १८८४ असे लागोपाठ तीन दत्तक आले. डलहौसीच्या काळात यातला पहिलाच प्रसंग आला असता तर काय झाले असते, हे साताऱ्याकडे पाहून समजते.

प्रश्न (गडहिंग्लज) : डलहौसीची खासगी पत्रे इतक्या उशिरा का छापली गेली?

उत्तर : त्याच्या मृत्युपत्रातच अट होती : मृत्यूनंतर पन्नास वर्षे खासगी कागद उघड करू नयेत. पत्रे छापली गेली १९१० साली. त्याआधीच्या चरित्रांना ती उपलब्ध नव्हती, हे ती चरित्रे वाचताना ध्यानात ठेवावे. घराण्याचे दप्तर एडिंबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘जीडी ४५’ या क्रमांकाखाली आहे.

प्रश्न (कागल) : पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचे, ते डलहौसीचे जावई होते का?

उत्तर : होय. सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८५९ साली धाकट्या ईडिथशी लग्न केले. थोरल्या सुसानचे पती रॉबर्ट बर्क, पुढे लॉर्ड कॉनेमारा, १८८६ ते १८९० मद्रासचे गव्हर्नर. म्हणजे एक जावई मुंबईला गव्हर्नर, एक मद्रासला. आणि डलहौसीचे स्वतःचे सासरे? ट्वीडेलचे मार्क्विस, तेही १८४२ ते १८४८ मद्रासचेच गव्हर्नर. हिंदुस्थानातल्या मोठ्या जागा अशा मोजक्या सोयऱ्यांत फिरत. डलहौसीची पत्नी सुसान १८५३ साली मायदेशी परतताना वाटेत समुद्रावरच वारली.

एक चूक मात्र टाळा. मुंबईच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये डलहौसीची मुलगी राहत होती असे लिहू नका. ईडिथ १८७१ सालीच ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला वारली. फर्ग्युसन तेव्हा तिथे गव्हर्नर होते. १८८० साली ते मुंबईत आले ते दुसऱ्या पत्नीसह, ऑलिव्ह यांच्यासह, आणि त्याही १८८२ साली मुंबईत कॉलऱ्याने गेल्या.

आपण कागलहून विचारता म्हणून एक तारीख जोडतो. फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर होते ते १८८५ पर्यंत, आणि कोल्हापूर संस्थान तेव्हा मुंबई सरकारच्या देखरेखीखाली होते. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, शाहू महाराज झाले, ते १७ मार्च १८८४ रोजी.