स्कॉटलंडमध्ये नवीन चर्च कोण उभारतं, आणि भारतातून आलेल्या माणसाला त्यात काय करता येतं?

तुम्ही विचारलंय की स्कॉटलंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक निधर्मी झाले असतील, तर तिथे नवीन चर्च सुरू करायचा खटाटोप कोण करतं, त्याला यश येतं का, आणि भारतातल्या माणसाला तिथे जाऊन काही करता येईल का.

मी मूळची जालन्याची. अकरा वर्षं ग्लासगोत नर्स आहे, आणि त्यातली सात वर्षं शहराच्या कडेला असलेल्या एका वस्तीत नव्याने उभ्या राहिलेल्या मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या गटात, आहे. जे जवळून पाहिलं तेच सांगते.

तुमचा आकडा बरोबर आहे. २०२२ च्या जनगणनेत इथल्या ५१.१ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असं नोंदवलं. २०११ मध्ये हेच प्रमाण ३६.७ टक्के होतं. स्वतःला चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे इथल्या राष्ट्रीय प्रोटेस्टंट चर्चचे, म्हणवणारे त्याच काळात ३२.४ वरून २०.४ टक्क्यांवर आले. १९५० च्या दशकात या चर्चचे सभासद १३ लाखांच्या घरात होते. २०२३ अखेर ते २ लाख ६० हजारांच्याही आत आले. एके काळी याच देशातून आपल्याकडे मिशनरी यायचे. विल्सन कॉलेज आणि हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहेत ते दोघेही स्कॉटलंडहून आलेले. जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री हे स्कॉटलंडच्याच फ्री चर्चचे पाळक होते. ‘स्कॉच मिशन’ हा शब्द आमच्या घरात आजीच्या तोंडी रोज असायचा. त्यामुळे इथे आल्यावर दगडी चर्चच्या दारात ‘विकणे आहे’ची पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी फुटपाथवर उभी राहून रडले होते.

हे असं का झालं, याचं एक कारण मला इथला इतिहास वाचताना कळलं. एके काळी गरिबांना मदत, शाळा, आजाऱ्याची विचारपूस, सगळं चर्चच्या अंगावर होतं. १८४५ च्या कायद्याने गरिबांची मदत चर्चच्या वडीलमंडळाकडून काढून वेगळ्या मंडळांकडे गेली. १८७२ च्या शिक्षण कायद्यानंतर चर्चच्या बहुतेक शाळा लोकनियुक्त मंडळांनी चालवायला घेतल्या. १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा आली. ही तिन्ही कामं सरकारने करावीत हे योग्यच झालं, मी स्वतः त्याच आरोग्यसेवेत नोकरी करते. पण मग रविवारी सकाळी चर्चमध्ये यायचं ते कशासाठी, हा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर मुलांना कुणी नीट दिलं नाही. कॅलम ब्राउन हे इतिहासकार म्हणतात की खरी घसरण हळूहळू झाली नाही, ती १९६० च्या दशकात एकदम झाली, आणि तेव्हा बायकांनी चर्चशी नातं सोडलं. मला हे पटतं. घरात प्रार्थना शिकवायची ती आईच ना?

मोठ्या सभांनी हे थांबलं नाही. १९५५ मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक बिली ग्रॅहम ग्लासगोच्या केल्व्हिन हॉलमध्ये सहा आठवडे बोलले, हॉल भरभरून वाहत होता. पुढच्याच वर्षापासून सभासदसंख्येला उतरती कळा लागली.

आता कोण काय करतं ते सांगते. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या १९२१ च्या घटनेतच लिहिलंय की देशातल्या प्रत्येक पॅरिशपर्यंत, म्हणजे एकेका चर्चकडे सोपवलेल्या परिसरापर्यंत, धर्मसेवा पोचवायची. एवढं बंधन असल्यामुळे ते एकीकडे इमारती विकतात, पॅरिश एकत्र करतात आणि दुसरीकडे नवीन प्रयोगही करतात. एडिनबरोच्या निड्री वस्तीतल्या एका चर्चमधून ‘ट्वेंटीस्कीम्स’ नावाचं काम निघालंय. सरकारी घरांच्या वस्तीला इथे ‘स्कीम’ म्हणतात. सर्वांत गरीब स्कीममध्ये मंडळ्या उभ्या करायच्या आणि पुढे त्याच वस्तीतल्या माणसाने त्या सांभाळायच्या, असा त्यांचा हेतू. शिवाय नायजेरियातून आलेल्या मंडळ्या आहेत, आणि केरळी लोकांच्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चची स्वतंत्र धर्मप्रांताची रचना २०१६ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘आमचं नवीन चर्च दोनशेवर गेलं’ असं ऐकलंत तर विचारा की हे दोनशे आले कुठून. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं: शेजारच्या चर्चमधून, नाहीतर परदेशातून. त्यात मीही आले. माझ्यासारखीला मंडळी मिळाली ही चांगलीच गोष्ट आहे, पण तेवढ्याने स्कॉटलंड ख्रिस्ताकडे वळतोय असं म्हणता येत नाही. पूर्वी कधीच चर्चशी संबंध नव्हता असा माणूस आमच्याकडे सात वर्षांत किती आला? बाप्तिस्मा घेतलेले नऊ. माझ्या दृष्टीने हे नऊ फार मोठे आहेत.

आपल्या मराठीत ‘मंडळी’ वेगळी आणि ‘चर्च’ची इमारत वेगळी, हे इथे फार उपयोगी पडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ईस्टरहाउस, ड्रमचॅपल अशा नव्या वस्त्या झाल्या तेव्हा आधी इमारत बांधली गेली आणि मग माणसं येतील अशी वाट पाहिली गेली. आमच्याकडे उलट झालं. आधी तीन कुटुंबं वस्तीत भाड्याने राहायला आली. दोन वर्षं काहीच ‘सुरू’ केलं नाही. मुलं तिथल्याच शाळेत घातली, तिथल्याच दुकानातून दूध आणलं. मग समाजकेंद्राची खोली दर गुरुवारी दुपारी मिळाली. मसुराचं सूप, पाव, चहा. कुणाला काही विचारायचं नाही, कुणाचं नाव लिहून घ्यायचं नाही. मी सुटीच्या गुरुवारी सूप ढवळते. जिऱ्याची फोडणी घालायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी एक आजोबा वाटीकडे बराच वेळ बघत बसले आणि मग दुसरी वाटी मागितली. आता फोडणी नसली तर विचारतात.

आमच्या हातून चुकाही झाल्या. मध्यंतरी एका मदत करणाऱ्या संस्थेने आम्हांला पैसे दिले आणि दीड वर्षात ‘किती लोक विश्वासात आले’ याचा तक्ता मागितला. आम्ही घाईला लागलो, सूप झाल्यावर छोटं प्रवचन सुरू केलं. तीन आठवड्यांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. एक बाई मला म्हणाली, “हेन, तुम्हीसुद्धा आमच्यावर प्रकल्पच करताय का?” इथल्या बोलीत बाईला प्रेमाने ‘हेन’ म्हणतात. त्या वस्तीवर आजवर इतक्या जणांनी प्रकल्प राबवले आणि पैसे संपल्यावर निघून गेले, की तो शब्द शिवीसारखा झालाय. प्रवचन बंद केलं, उरलेले पैसे परत केले.

त्या दिवशी मला व्ही. एस. अझरिया आठवले. १९१० मध्ये एडिनबरोत जागतिक मिशनरी परिषद भरली होती, तिथे हा तमिळ पाळक युरोपियन मिशनऱ्यांसमोर उभा राहून म्हणाला होता की तुम्ही आमच्यासाठी खूप दिलंत, आता आम्हांला मित्र द्या. शंभर वर्षांनी तेच मागणं स्कॉटलंडमधली एक बाई माझ्याकडे करत होती.

आपले ना. वा. टिळक मला इथे जास्त समजले. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आमच्या गुरुवारच्या खोलीत नेमकं तेच चित्र आहे. कुणी सहा वर्षं येतंय आणि बाप्तिस्म्याचं नाव काढत नाही. ते आजोबा त्यांतलेच. खोलीच्या किल्ल्या मात्र आता त्यांच्याकडे असतात.

लोक देवाच्या विरोधात आहेत असं समजून येऊ नका. वाद घालणारा माणूस मला क्वचितच भेटला. मागच्या हिवाळ्यात गुरुवारी येणाऱ्या एक आजीबाई वारल्या. स्मशानातल्या सभागृहात बायबलमधलं तेविसावं स्तोत्र लागलं, जे इथे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक अंत्यविधीला गायलं जायचं. साठ-सत्तर माणसं होती आणि गात होत्या तीन म्हाताऱ्या आणि आमचे पाळक. बाकी सगळे कागदाकडे बघत गप्प उभे. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता, शब्द आणि चाल त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. मला इंग्रजी शब्द अर्धेच येतात, म्हणून मी ओठांतल्या ओठांत “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही” म्हणत राहिले.

तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. भारतातून यायला हरकत काहीच नाही, उलट परक्या माणसाकडे लोक जास्त मोकळेपणाने बोलतात, कारण जुन्या चर्चबद्दलचा राग आपल्यावर निघत नाही. पण दोन वर्षांसाठी येणार असाल तर नवीन मंडळी उभारायला येऊ नका, आधीच कुणी राहतंय त्यांच्या हाताखाली या. व्हिसाचे नियम आधी नीट पाहा. शक्यतो हातात काही काम घेऊन या, नर्सिंग, बस चालवणं, स्वयंपाक, काहीही. आणि ग्लासगोची बोली कानावर बसायला एक वर्ष तरी द्या.

अंत्यविधीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी त्या आजींची नात आली, कडेवर तिचा छोटा मुलगा. तिने विचारलं की ते ‘मेंढपाळाचं’ जे होतं ते कुठे मिळेल, तिच्या आजीला ते पाठ होतं. मी चहाच्या यादीच्या पाठीमागे पाळकांकडून ते लिहवून घेतलं आणि तिला दिलं. आता ती अधूनमधून रविवारी येते, मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसते. कागद अजून तोच आहे, घडीवर फाटलाय, मध्ये चिकटपट्टी लावलीय.