तुमचे प्रश्न : गेममधली 205 हाताबाहेर का जाते?

प्रश्न : नमस्कार दादा, माझा मुलगा अकरावीत आहे, चतुर्थीच्या सुट्टीत दिवसभर डर्ट रॅली हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत बसला होता. त्यातली प्युजोची 205 टी16 त्याची सगळ्यात लाडकी, पण दर दोन वळणांनी ती दरीत जाते आणि तो म्हणतो गेमवाल्यांनी ही मुद्दाम अशी बिघडवलीय. आमच्याकडे नव्वदच्या दशकात कल्याणला बनलेली प्युजो 309 होती, अगदी शांत गाडी. ही कंपनी खरंच रेसिंगमधली का? (एक आई, फोंडा)

उत्तर : ताई, मुलाला सांगा गाडी बिघडवलेली नाहीय, ती खरीच तशी होती! 205 टी16 दिसायला तुमच्या-आमच्या छोट्या हॅचबॅकसारखी, पण इंजिन पुढे नाही, सीटच्या मागे, आडवं बसवलेलं, चारही चाकांना ताकद, आणि शेवटच्या इव्होल्यूशन 2 मध्ये जेमतेम 1.8 लिटरच्या इंजिनातून चारशेच्या वर हॉर्सपॉवर. ही ताकद येते टर्बोतून. धुराच्या झोतावर टर्बोचं चाक फिरतं, ते वेगात यायला वेळ लागतो, म्हणजे पाय दाबला तरी आधी काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम येतं, नेमकं वळणाच्या मध्यावर. मुलगा तिथेच फसतोय. त्याला म्हणावं वळण सरळ व्हायच्या आधीच अ‍ॅक्सिलरेटर दाब आणि त्याच वेळी डाव्या पायाने थोडा ब्रेक धर, म्हणजे टर्बो फिरता राहतो, फिनलंडचे ड्रायव्हर हेच करायचे. आणि त्यांनीच 1985 (टिमो सालोनेन) आणि 1986 (युहा कान्कुनेन) अशी लागोपाठ दोन वर्षं या गाडीवर रॅलीची वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली.

पण या ग्रुप बी गाड्या (रॅलीतल्या सगळ्यात ताकदवान गाड्यांचा तेव्हाचा वर्ग) फार जीवघेण्या झाल्या होत्या. 1986 ला पोर्तुगालमध्ये, सिंत्राजवळ, एक फोर्ड गर्दीत घुसली आणि बघायला आलेली माणसं मेली, मग कोर्सिकात लान्चिया गाडीतले ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार दोघे गेले, आणि वर्षअखेर ग्रुप बी बंद. मला हे बरोबरच वाटतं, गाडी कितीही आवडती असली तरी. प्युजोने मग मोर्चा वाळवंटाकडे वळवला आणि 1987 ते 1990 सलग चार वेळा पॅरिस-डकार ही वाळवंटातली रॅली जिंकली.

आणि मूळ त्याही खूप आधीचं आहे. 1912 मध्ये प्युजोच्या रेसिंग गाडीत डबल ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे, सिलिंडरच्या वर) आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असं इंजिन होतं, त्यावर जॉर्ज ब्वाइयोने फ्रेंच ग्रां प्री जिंकली आणि पुढच्या वर्षी ज्यूल गू अमेरिकेत जाऊन इंडियानापोलिस 500 जिंकून आला. आज तुमच्या दारात जी गाडी असेल तिच्या इंजिनवर 16 व्हॉल्व्ह डीओएचसी (म्हणजे हेच डबल ओव्हरहेड कॅम) लिहिलेलं असेल तर ते तिथून चालत आलंय हो, मला ही गोष्ट जिंकलेल्या ट्रॉफींपेक्षा मोठी वाटते. तुमच्या 309 बद्दल पण सांगतो, तिच्या डिझेलचं जे इंजिन, त्याच घराण्यातलं दीड लिटरचं डिझेल नंतर मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये बसवलं.

मुलाला अजून एक करायला सांगा. त्याच गेममध्ये पाइक्स पीक आहे, अमेरिकेतला जवळपास 20 किलोमीटरचा घाट, 156 वळणं, माथा 4300 मीटरवर, म्हणजे आपली कळसूबाई अडीचदा रचली तरी उणी पडेल. 1988 ला आरी वातानेनने प्युजोचीच 405 टी16 घेऊन तो कच्च्या रस्त्यावरून 10 मिनिटं 47 सेकंदांत चढवला, आणि 2013 ला डांबरी झाल्यावर सेबास्तियाँ लोएबने 208 टी16 घेऊन 8 मिनिटं 13 सेकंदांत, ती गाडी 875 किलो आणि 875 हॉर्सपॉवर! दोन्ही गाड्या गेममध्ये आहेत, रस्ताही कच्चा आणि डांबरी दोन्ही मिळतो. आधी 405 कच्च्यावर चालवू दे, आपल्या चोर्ल्याच्या घाटातून पावसात जाताना जीव जसा मुठीत असतो ना, तसंच वाटेल त्याला.

प्रश्न : स्टीयरिंग व्हील नाही, कीबोर्डवर 205 जमेल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : जमते पण त्रास होतो, कारण कीबोर्डवर अ‍ॅक्सिलरेटर एकतर पूर्ण नाहीतर शून्य, आणि टर्बो गाडीला नेमका अर्धा पाय लागतो. साधा गेमपॅड घ्या, आणि महिनाभर आधी गेममधल्याच जुन्या, छोट्या मिनी गाडीवर हात बसवा.